सापडलेल्या चषकाचे काय करायचे?

चार्ल्स विल्यम्स यांची ‘वॉर इन हेवन’ ही कादंबरी १९३० साली लंडनच्या व्हिक्टर गोलांझ या प्रकाशनसंस्थेने काढली. नाव बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकाची आठवण देणारे आहे; त्याच्या बाराव्या अध्यायात स्वर्गात युद्ध जुंपते. कादंबरीतले युद्ध मात्र इंग्लंडातल्या कचेऱ्यांत, दिवाणखान्यांत आणि एका औषधाच्या दुकानात लढले जाते. लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेत टेबलाखाली अनोळखी माणसाचे प्रेत सापडते, तिथून गोष्ट सुरू होते. त्याच संस्थेत सर जाइल्स टमल्टी नावाच्या पुराणवस्तुतज्ज्ञाचा ग्रंथ छापला जात असतो. त्याच्या मुद्रितांत एक परिच्छेद असतो : शेवटच्या भोजनाच्या रात्री ख्रिस्ताने हाती घेतलेला चषक, म्हणजे पवित्र ग्रेल, फार्डल्स या खेड्यातल्या चर्चमध्ये आहे. तो परिच्छेद गाळायची सूचना येते; पण तोवर मुद्रिते खुद्द फार्डल्सच्या आर्चडीकनच्या, म्हणजे तिथल्या वरिष्ठ धर्मगुरूच्या, नजरेखालून गेलेली असतात. पुढे चोरी, पाठलाग, जादूटोणा, आणखी एक मृत्यू, आणि शेवटी खेड्यातल्या वेदीवर प्रभुभोजनाचा विधी.

असल्या कादंबऱ्यांविषयी एक मत पक्के रुजले आहे. रहस्यकथेला संशय लागतो आणि श्रद्धेला तो चालत नाही, म्हणून श्रद्धावंताने रहस्यकथेच्या वाटेला जाऊ नये. ख्रिस्ती लेखकाच्या गोष्टीत शेवटी देवच जिंकणार हे पहिल्या पानापासून ठरलेले. मग उत्कंठा कसली? पवित्र अवशेषाचा शोध ही नुसती क्लृप्ती : मोहरांच्या हंड्याच्या जागी चषक ठेवला आणि दरोडेखोरांच्या जागी सैतानाचे उपासक आणले की झाले. अवशेष खरा धरला तर ती अंधश्रद्धा, खोटा धरला तर भाविक वाचकाची फसवणूक. आणि एवढे करून पदरात पडते ते प्रवचन. हे मत मांडणाऱ्यांत नास्तिक आहेत, तसे दर रविवारी चर्चला जाणारेही आहेत. पहिल्यांना अशा पुस्तकात देव नको असतो, दुसऱ्यांना खून. मत दोघांचे एकच, आणि ते चुकीचे आहे. ‘वॉर इन हेवन’ समोर ठेवून त्याचा एकेक मुद्दा तपासला, तर त्यातला जवळपास एकही टिकत नाही.

शेवट ठरलेला आहे म्हणून उत्कंठा नाही, हा पहिला मुद्दा. तो खरा असता तर मराठी कीर्तनकारांना उत्तररंगात श्रोता मिळालाच नसता. हरिश्चंद्राचे आख्यान लागले की पुढे काय होणार हे देवळात बसलेल्या लहान मुलालाही ठाऊक असते. तरी रोहिदासाचे प्रेत उराशी घेऊन तारामती स्मशानात येते तेव्हा सगळे श्वास रोखून बसतात. काय होणार हे कळलेले असते. हा माणूस ते कसे सोसणार, हे कळलेले नसते. ग्रीक शोकांतिकाही याच बळावर उभ्या राहिल्या. विल्यम्स यांनी तर आपल्या हातातला हुकमाचा पत्ता आधीच उघडा करून ठेवला आहे. खून कोणी केला हे वाचकाला पोलिसांच्या पुष्कळ आधी कळते : संस्थेचा निवृत्त मालक ग्रेगरी पर्सिमन्स. चषक कुठे आहे हेही आरंभीच्या प्रकरणांतच कळते. फार्डल्सच्या चर्चमधले जुने, फारसे कोणी लक्ष न दिलेले पात्र म्हणजेच तो. शोधकथेचे दोन्ही प्रश्न लेखक इतक्या लवकर निकालात काढतो, आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही. तेव्हा उत्कंठा शोधात नसून दुसरीकडे आहे, हे उघड आहे. शेवट ठरलेला असल्याची तक्रार करणारे या कादंबरीने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधत बसतात.

दुसरा मुद्दा अंधश्रद्धेचा. अवशेषांवर श्रद्धा असणारा माणूस वाटेल ते खरे मानतो, म्हणून त्याची कादंबरीही वाचकाकडून भोळेपणा मागते, असा आरोप होतो. ज्यांना अवशेषांचा इतिहास माहीत नाही त्यांनीच तो करावा. बनावट अवशेषांविरुद्ध पहिल्या फळीत लढले ते ख्रिस्तीच. अवशेष विकू नयेत आणि नव्याने सापडलेल्यांना पोपच्या संमतीशिवाय पूज्य मानू नये, असा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने केला. १५४३ मध्ये जॉन कॅल्विन यांनी अवशेषांवर एक घणाघाती पुस्तिका लिहिली. ख्रिस्ताच्या क्रुसाचे म्हणून दाखवले जाणारे तुकडे एकत्र केले तर जहाज भरेल, हा त्यांचा आक्षेप आजही लोकांच्या तोंडी आहे. १८७० मध्ये शार्ल रोओ द फ्लरी या फ्रेंच अभ्यासकाने ठिकठिकाणच्या ज्ञात तुकड्यांची मापे जमवली. बेरीज एका घनमीटरचा सुमारे अडीचशेवा हिस्सा, म्हणजे अंदाजे चार लिटर भरली. अख्ख्या क्रुसाला त्याच्या चाळीसपटीहून अधिक लाकूड लागले असते. कॅल्विन यांचे जहाज त्या मापाने भरत नाही. पण म्हणून ते तुकडे खरे, असेही त्यातून सिद्ध होत नाही. ख्रिस्ताचे म्हणून पूजल्या जाणाऱ्या तुरिनच्या कफनाचा नमुना चर्चच्याच संमतीने १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोनाच्या प्रयोगशाळांकडे गेला, आणि कापड १२६० ते १३९० या काळातले असल्याचा निष्कर्ष तुरिनच्या आर्चबिशपांनीच जाहीर केला. या परंपरेला संशय सोसत नाही, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

अवशेषाचा खराखुरा शोध कसा असतो हे पाहायला युरोपात जायची गरज नाही. जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान हिने धर्म सोडायला नकार दिला, म्हणून शाह अब्बासच्या हुकमाने १६२४ मध्ये शिराझ येथे तिला हाल करून मारण्यात आले. ऑगस्टिनियन संन्याशांनी तिच्या अस्थींपैकी काही गोव्याला आणल्या आणि जुन्या गोव्यातल्या आपल्या मठात ठेवल्या. मठ ओस पडला, चर्च कोसळले. आज तिथे उंच बुरुजाचा उरलेला भाग आणि जांभ्या दगडाच्या भिंती उभ्या आहेत. अस्थी कोणत्या खिडकीपाशी ठेवल्या याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि जॉर्जियाचे अभ्यासक अनेक वर्षे ती खिडकी शोधत राहिले. २००४ मध्ये एक हाड मिळाले. हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राने त्याची जनुकीय तपासणी केली, आणि भारतीयांत न आढळणारा पण जॉर्जियात आढळणारा मातृवंश त्यात दिसला. जुलै २०२१ मध्ये अस्थींचा एक भाग भारताने जॉर्जियाला समारंभपूर्वक दिला. या शोधाला संन्याशांच्या नोंदवह्या लागल्या आणि प्रयोगशाळाही लागली. यातले एक जरी नसते तरी राणी सापडली नसती. श्रद्धा आणि तपास यांना एकमेकांचे वैरी ठरवणाऱ्यांनी जुन्या गोव्याच्या त्या भिंतींपाशी एकदा उभे राहावे.

विल्यम्स यांच्या कादंबरीत तर खरेपणाचा पुरावा मुद्दाम तोकडा ठेवला आहे. चषक फार्डल्सला आहे हे सांगतो टमल्टी, आणि त्याला श्रद्धेशी देणेघेणे नाही. कुतूहलाखातर तो काहीही उकरून काढील. आर्चडीकन त्याच्या शब्दावर नाचत सुटत नाही. चषक खरा असेलही, आणि असेल तर त्याचा मान राखला पाहिजे; पण ख्रिस्त भेटायला त्या विशिष्ट धातूची गरज नाही, कोणत्याही खेड्यातल्या वेदीवरचा साधा पेला त्या कामाला पुरतो, अशी त्याची बैठक आहे. अवशेषाविषयी इतकी सावध भूमिका असलेले पात्र नायक म्हणून पुढे येते, आणि तरी कादंबरीवर भोळेपणाचा शिक्का बसतो. तो मारणाऱ्यांनी पुस्तक उघडले होते का?

तिसरा मुद्दा असा की असली सगळी पुस्तके एकाच साच्यातून निघतात. डॅन ब्राऊन यांची ‘द दा विंची कोड’ २००३ मध्ये आली, जगभर खपली, मराठीतही अनुवादित झाली. तेव्हापासून ग्रेलचे नाव काढले की वाचकापुढे तेच पुस्तक उभे राहते, आणि त्याचे दोष आधीच्या सगळ्यांच्या माथी मारले जातात. त्या कादंबरीत ग्रेल म्हणजे चषक नाहीच. तो दडवून ठेवलेला वंशाचा पुरावा आहे. तिथे संकेत सुटला की काम झाले, वस्तूला स्वतःचे वजन उरत नाही. टॉमस कॉस्टेन यांची ‘द सिल्व्हर चॅलिस’ (१९५२) आणखी वेगळी. तिच्यामागे अंतिओखचा प्रसिद्ध चांदीचा चषक होता. तो विसाव्या शतकाच्या आरंभी उजेडात आला, ग्रेल म्हणून गाजला आणि १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आला. आता अभ्यासक त्याला सहाव्या शतकातला दिवा मानतात. वस्तू दिवा ठरली म्हणून कॉस्टेन यांच्या कारागीर नायकाची कथा पडली का? तिचे बरेवाईट तिच्या पानांवर ठरते. विल्यम्स यांचा चषक या दोन्हींपैकी कशाशीच जुळत नाही. तो संकेत नाही आणि ऐतिहासिक चित्राची चौकटही नाही. तो पात्रांना तपासणारी कसोटी आहे, आणि कादंबरीचे सामर्थ्य इथेच आहे.

त्या एका वस्तूभोवती किती प्रकारची हाव जमते ते पाहावे. ग्रेगरीला चषक साधन म्हणून हवा. ॲड्रियन या चार वर्षांच्या मुलाला त्यात पाहायला लावून दूरचे जाणायचे आणि पुढे त्या मुलालाच काळ्या विधीत ओढायचे, हा त्याचा बेत. टमल्टीला फक्त जाणून घ्यायचे आहे. माणसे मेली तरी त्याच्या लेखी ती निरीक्षणाची सामग्री. ग्रेगरीच्या मागे असलेल्या मानासेला चषक वापरायचाही नाही, तो नाहीसा करायचा आहे. ही हाव सर्वांत भयंकर, कारण तिला स्वतःसाठीही काही नको. इथवर खलनायक झाले. पण लेखक सज्जनांनाही सोडत नाही. उत्तर रायडिंग्जचा ड्यूक रोमन कॅथलिक आहे, आणि त्याच्या भक्तीत घराण्याचा आणि आपल्या चर्चचा अभिमान मिसळलेला आहे. प्रकाशनसंस्थेतला केनेथ मॉर्निंग्टन चषकावर प्रेम करतो ते मॅलरीने सांगितलेल्या आर्थर राजाच्या कथा त्याच्या रक्तात भिनल्या आहेत म्हणून. दोघांचे प्रेम खरे आहे, आणि दोघांच्याही प्रेमात ‘माझे’ हा शब्द आहे. मोहरांच्या हंड्याभोवती अशी रचना करता येईल का? हंड्याची हाव सगळ्यांना सारखीच वाटते. पवित्र वस्तूची हाव मात्र प्रत्येकाला त्याच्या त्याच्या देवासकट उघडी करते. चषक ही नुसती क्लृप्ती असल्याचा आरोप इथेच संपतो.

मग येतो तो प्रसंग, ज्यासाठी ही कादंबरी वाचायची. ॲड्रियनची आई बार्बरा हिला ग्रेगरीच्या घरी जखम होते आणि तिला औषधाच्या दुकानाच्या ग्रीक मालकाकडचा लेप लावला जातो. त्या लेपाने तिचे भान हरपते, ती वेडी होते. डॉक्टर हात टेकतात. नवरा लायनेल आधीच जगाला भ्यालेला माणूस, तो पार खचतो. अशा वेळी निरोप येतो की मानासे तिला बरे करील, पण मोबदला म्हणून चषक द्यावा लागेल. चषक या घटकेला आर्चडीकनच्या ताब्यात आहे. त्याच्यापायी त्याने डोक्यावर मार खाल्ला आहे. पर्सिमन्सच्या घरातून त्याने तो उचलून आणला आहे, आणि अदृश्य शक्ती तो विरघळवून टाकू पाहत होत्या तेव्हा दोघा सोबत्यांसह प्रार्थना करत तो राखला आहे. आता ज्यांच्यापासून राखला त्यांनाच तो द्यायचा. ड्यूकला हे पटणे शक्य नाही : ज्याच्यासाठी पिढ्यानपिढ्या शूरांनी प्राण वेचले, ती वस्तू सैतानाच्या चाकरांच्या हाती कशी सोपवायची?

आर्चडीकन ती सोपवतो. शेजारणीचे दुःख समोर असताना कोणताही अवशेष, अगदी ख्रिस्ताच्या हातातला चषकही, राखून ठेवण्याजोगा नाही, हे त्याच्या मनात आधीपासून स्पष्ट आहे. त्याला मोठा आत्मसंघर्ष करावा लागत नाही, आणि इथे लेखकाचे कसब दिसते. संघर्ष होतो तो वाचकाच्या मनात. इतकी पाने तो चषकाच्या रक्षणासाठी जीव मुठीत धरून बसलेला असतो. आता तो हातचा जाऊ नये असे त्याला वाटते, आणि असे वाटताच ग्रेगरीची हाव आपल्यातही आहे हे त्याला कळते. बार्बरा पुढे बरी होते, पण मानासेच्या विद्येने नाही. म्हणजे व्यवहार म्हणून पाहिले तर चषक फुकट गेला. हिशेब करणाऱ्याला हे मूर्खपणाचे वाटेल. आर्चडीकनने हिशेब केलाच नव्हता.

श्रद्धा नसलेल्या लेखकाला हा प्रसंग लिहिता आला असता का? त्याच्या लेखी चषक म्हणजे जुना धातू असता, आणि आजारी बाईसाठी जुना धातू देऊन टाकण्यात कसली किंमत मोजावी लागते? त्यागाला वजन येते ते वस्तू पवित्र असल्यामुळे. ती पवित्र आहे असे मनापासून मानणाराच ती सोडून देण्याचा अर्थ लिहू शकतो. श्रद्धेमुळे उत्कंठा मरते असे सांगणाऱ्यांनी या जागेचे उत्तर द्यावे. इथे श्रद्धा काढून घेतली तर उत्कंठेचा मागमूसही उरत नाही.

प्रवचनाचा आरोप चौथा. प्रवचनात सज्जनाला फळ मिळते आणि दुर्जनाला शासन होते. इथे केनेथ चषक परत मिळवायच्या प्रयत्नात मारला जातो आणि त्याला कुठलाही चमत्कार वाचवत नाही. ग्रेगरी शेवटी स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. पण त्याला मिळते ती शिक्षा आहे की कृपा, हे लेखक वाचकावर सोडतो. हेतू मनात धरून लिहिलेली कादंबरी कादंबरीच नव्हे, असे मराठी वाचकाने तर म्हणू नये. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनी लिहिली, आणि हिंदू विधवांच्या हालांविषयीचा तिचा हेतू पानोपानी उघड आहे. त्या हेतूने मराठी कादंबरीचे नुकसान केले की तिला जन्म दिला?

एक दोष मात्र नाकारता येत नाही. मानासे हा ज्यू आहे, आणि सर्वनाशाची हाव त्याच्याच ठायी दाखवताना विल्यम्स यांनी त्या काळच्या युरोपातला ज्यूद्वेष तपासून न पाहता उचलला आहे. १९३० नंतरच्या पंधरा वर्षांत त्या द्वेषाने काय केले हे माहीत असलेल्या वाचकाला ती पाने बोचतात, आणि बोचलीच पाहिजेत. पण हा दोष एका लेखकाच्या नजरेचा आहे, धार्मिक रहस्यकादंबरी या प्रकाराचा नाही. देवाचे नावही न घेणाऱ्या त्या काळच्या कितीतरी इंग्रजी रहस्यकथांत तो सापडतो.

असले लेखन दुय्यम, असेही शेवटी म्हटले जाते. विल्यम्स १९०८ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या लंडन कचेरीत मुद्रिते तपासायला लागले आणि १९४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच संस्थेत राहिले. कादंबरीतली कचेरी आणि मुद्रितांतला तो परिच्छेद त्यांच्या रोजच्या कामातून आलेला आहे. त्यांच्या ‘ऑल हॅलोज ईव्ह’ला टी. एस. एलियट यांनी प्रस्तावना लिहिली. सी. एस. लुईस यांनी १९३६ मध्ये ‘द प्लेस ऑफ द लायन’ वाचून त्यांना आपणहून पत्र पाठवले. एवढे दाखले पुरेत.

चषकाचा राखणदार म्हणून कादंबरीत प्रेस्टर जॉन अवतरतो, आणि हे नाव गोव्याच्या इतिहासाला परके नाही. पूर्वेकडे कुठेतरी त्याचे ख्रिस्ती राज्य आहे, ही बाराव्या शतकापासूनची युरोपची आख्यायिका. पोर्तुगीज जहाजे मिरी शोधत आली तशी त्यालाही शोधत आली. १५१२ मध्ये इथिओपियाच्या दरबाराचा वकील मातेउश गोव्याला पोचला तेव्हा त्याला प्रेस्टर जॉनचाच दूत समजण्यात आले. त्याच्याजवळ ख्रिस्ताच्या क्रुसाचा म्हणून एक तुकडा होता, आणि आफोन्सो द आल्बुकर्क याने त्याचे वाजतगाजत स्वागत केले. ज्याने दोनच वर्षांपूर्वी गोवे जिंकताना मुसलमान रहिवाशांची कत्तल केली, तोच लाकडाच्या त्या तुकड्यापुढे नतमस्तक झाला. अवशेष हाती आला म्हणून माणूस पवित्र होत नाही, याला आणखी कोणता पुरावा हवा? विल्यम्स यांची कादंबरी हेच सांगते आणि शेवटपर्यंत त्यापासून ढळत नाही. तिच्यात चषक जिंकणारा कोणीच नाही. ज्यांनी तो धरून ठेवायची धडपड केली त्यांची हाव उघडी पडली, आणि ज्याने तो सोडला त्याच्यापाशीच तो परत आला.

तेही मुक्कामाला नाही. फार्डल्सच्या चर्चमध्ये प्रेस्टर जॉन विधी चालवतो, लहानगा ॲड्रियन वेदीपाशी त्याला मदत करतो, आईवडील आणि ड्यूक गुडघे टेकून असतात. विधी संपतो तेव्हा चषक कुठेच नसतो, आणि आर्चडीकन वेदीसमोर मरण पावलेला असतो.